चित्रकलेचा पाठ : एका बेडकाचे दोन चित्रकार

प्राथमिक शाळेतील चित्रकलेच्या तासाला पुष्कळदा नकलेच्या तासाचे रूप येते. शिक्षक फळ्यावर एक आंबा काढतात, मुले तो पाटीवर किंवा वहीत उतरवून घेतात, आणि ज्याचा आंबा फळ्यावरच्या आंब्याशी अधिक जुळतो त्यास शाबासकी मिळते. ज्याचा जुळत नाही तो ‘मला चित्र येत नाही’ असे मनाशी ठरवून टाकतो. एकदा त्याने हे ठरविले म्हणजे पुढे ते मत बदलावयास फार सायास पडतात. पुष्कळ माणसे तर हे मत घेऊनच आयुष्य काढतात.

उलटपक्षी, नक्कल मुळीच करू द्यावयाची नाही असे म्हणावे, तर तेही युक्त दिसत नाही. मूल बोलावयास, चालावयास, लिहावयास शिकते ते अनुकरणानेच. वळणदार अक्षर ज्यास हवे त्यास कित्ता गिरवावाच लागतो. मग चित्रकलेतच अनुकरण त्याज्य का मानावे? आणि ते करावयाचे, तर कशाचे करावयाचे व कोठे थांबवावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर नुसत्या तत्त्वचर्चेपेक्षा प्रत्यक्ष उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. म्हणून प्रस्तुत पाठात आपण इंग्लंडमधील एक नामवंत कथाचित्रकार आणि त्यांच्या चित्रांचा मन लावून अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी यांची हकीकत पाहू. चित्रकाराचे नाव रॅन्डॉल्फ कॅल्डेकॉट. विद्यार्थिनीचे नाव बीॲट्रिक्स पॉटर. दोघांनीही बेडूक काढला आहे. त्या दोन बेडकांत काय साम्य आहे व काय भेद आहे, हे नीट कळले म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी हाती येईल.

१. बँकेतील कारकून

रॅन्डॉल्फ कॅल्डेकॉट यांचा जन्म 22 मार्च 1846 रोजी इंग्लंडमधील चेस्टर या गावी झाला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि व्हिटचर्च या लहानशा बाजारगावातील बँकेत ते कारकून म्हणून लागले. राहावयास मात्र ते गावाबाहेर, एका शेतावरील घरात होते. बँकेच्या कामातून मोकळीक मिळाली की गुरांचा बाजार, जत्रा, शिकारी, घोडे, कुत्री, शेतकरी यांच्यात त्यांचा वेळ जाई. हातात पेन्सिल असेच. याच काळात, 1861 साली, चेस्टर येथील एका हॉटेलास लागलेल्या आगीचे त्यांनी काढलेले चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या पत्रात छापले गेले.

सहा वर्षांनी, 1867 साली, ते मँचेस्टर येथील बँकेत गेले. तेथे दिवसा हिशेबाच्या वह्या आणि सायंकाळी कलाशाळेतील वर्ग असा क्रम चालला. 1872 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि केवळ चित्रांवर उदरनिर्वाह करण्याच्या निश्चयाने लंडन गाठले. त्यांची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती; तापाने हृदय दुबळे केले होते. अशा माणसाने पगाराची नोकरी सोडावी, हे धाडस लहान नव्हते.

लंडनमध्ये आल्यावरही त्यांचे शिकणे थांबले नाही. दालू या फ्रेंच शिल्पकाराच्या सहवासात त्यांनी मातीकाम केले. पक्षी काढावयाचा तर पिसांखाली हाडे कशी बसविली आहेत हे ठाऊक असावे, म्हणून त्यांनी पक्ष्यांच्या शरीररचनेचा अभ्यास केला. वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाच्या ‘ओल्ड ख्रिसमस’ या पुस्तकासाठी त्यांनी काढलेली चित्रे 1875 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव झाले.

त्यानंतर एडमंड इव्हान्स या रंगीत छपाईच्या निष्णात मुद्रकाने त्यांस मुलांसाठी चित्रपुस्तके करावयास सांगितले. ठराव असा झाला की छपाईचा सारा धोका मुद्रकाने पत्करावा आणि चित्रकारास विकलेल्या प्रतींवर अल्प मानधन मिळावे. पुस्तके खपली नाहीत तर चित्रकारास काहीच मिळू नये. 1878 साली पहिली दोन पुस्तके निघाली. किंमत प्रत्येकी एक शिलिंग. पुस्तके हातोहात खपली. पुढे 1885 पर्यंत दर वर्षी नाताळच्या सुमारास दोन याप्रमाणे सोळा पुस्तके झाली. 12 फेब्रुवारी 1886 रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षात, अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांती सेंट ऑगस्टीन येथे कॅल्डेकॉट यांचे निधन झाले. चित्रपुस्तकांचे काम करावयास त्यांस आयुष्याने उणीपुरी आठ वर्षे दिली.

२. त्यांच्या चित्रांत काय आहे

कॅल्डेकॉट यांची पुस्तके उघडली की प्रथम जाणवतो तो पानावरचा मोकळा कागद. काही पाने रंगीत आहेत. पण बरीचशी पाने तपकिरी शाईतील थोड्या रेषांची आहेत. एक घोडा, एक स्वार, पायांखाली जमिनीची एक रेघ, बस. तरीही घोडा धावतो आहे आणि स्वाराचा तोल जातो आहे, हे लहान मूलही ओळखते. वगळण्याच्या कलेकडे ते शास्त्र म्हणून पाहत असत, असे त्यांचे स्नेही व चरित्रकार हेन्री ब्लॅकबर्न यांच्या लिखाणावरून दिसते.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. थोड्या रेषांत चित्र काढणे म्हणजे थोडे जाणणे नव्हे. ज्यास शंभर गोष्टी ठाऊक आहेत तोच त्यांतील पंचाण्णव सोडू शकतो. ज्यास पाचच ठाऊक आहेत त्यास वगळण्यासारखे काही उरतच नाही. गुरांच्या बाजारातील वर्षे, मातीकाम, शरीररचनेचा अभ्यास हे सारे त्या चार रेषांच्या मागे उभे आहे.

दुसरा विशेष याहूनही महत्त्वाचा आहे. कॅल्डेकॉट यांचे चित्र शब्दांचीच पुनरुक्ती करीत नाही; शब्दांनी जे सांगितले नाही ते ते सांगते. त्यांच्या 1882 सालच्या एका पुस्तकात दोन जुनी बालगीते आहेत. पहिल्या गीताच्या शेवटी ताटली चमच्याबरोबर पळून गेल्याचा उल्लेख आहे, आणि गीत तेथेच संपते. चित्रकार मात्र पुढचे पान काढतो. ताटली फुटून तुकडे होऊन पडली आहे आणि चमच्यास त्याचे वडीलधारे, म्हणजे सुरी व काटा, दोन्ही बाजूंनी धरून घरी नेत आहेत. त्या पानावर एकही शब्द नाही.

दुसरे गीत तान्ह्या बाळाचे आहे. बाळास गुंडाळण्यासाठी सशाचे कातडे आणावे म्हणून वडील शिकारीला गेले आहेत, एवढेच गीतात आहे. चित्रांत आपणांस दिसते ते असे की वडिलांना ससा काही मिळत नाही आणि अखेर ते दुकानात जाऊन कातडे विकत घेतात. शेवटच्या चित्रात ते कातडे पांघरलेले, लांब कानांचे बाळ आईबरोबर फिरावयास निघाले असता समोर खरे ससे दिसतात. बाळ सशांकडे पाहते, ससे बाळाकडे पाहतात. प्रथम हसू येते. मग बाळाच्या अंगावरचे कातडे कोणाचे, हे मनात येते आणि हसू थबकते. गीत आनंदाचे आहे. चित्राने त्यास एक खोल छाया दिली. शब्द आणि चित्र अशी दोघांनी मिळून गोष्ट सांगावी, ही जी आजच्या चित्रपुस्तकांची रीत, तिचा पाया कॅल्डेकॉट यांनी घातला असे जाणकार मानतात. त्यांच्या नावाने अमेरिकेतील ग्रंथालय संघटना 1938 पासून दर वर्षी उत्कृष्ट चित्रपुस्तकाच्या चित्रकारास पदक देते.

३. विद्यार्थिनी

बीॲट्रिक्स पॉटर यांचा जन्म 28 जुलै 1866 रोजी लंडनमध्ये एका सधन घरात झाला. त्या शाळेत कधी गेल्याच नाहीत. शिकवावयास शिक्षिका घरी येत. त्यांचा व त्यांच्या धाकट्या भावाचा खरा वर्ग घरातील वरच्या खोलीत भरे. तेथे ससे, उंदीर, बेडूक, साळू, वटवाघूळ असे सोबती असत. दोघे भावंडे ती निरखीत, त्यांची चित्रे काढीत आणि एखादा प्राणी मेला तर त्याचा सांगाडा स्वच्छ करून त्याचाही अभ्यास करीत.

रीतसर शिक्षण त्यांस मिळाले नाही असे नाही. चित्रकलेची शिक्षिका घरी येत असे. 1881 साली त्यांस शासकीय कला विभागाचे प्रमाणपत्रही मिळाले. आपल्याकडील एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांसारखाच हा प्रकार समजावा. पुढे 1883 मध्ये एका बाईंकडे त्यांनी तैलरंगाचे धडे घेतले. परंतु दुसऱ्याच्या पद्धतीने रंगवावयास लावले जाते, ही गोष्ट त्या सतरा वर्षांच्या मुलीस जाचू लागली. तिने आपली तक्रार दैनंदिनीत लिहून ठेवली, तीही स्वतः शोधून काढलेल्या सांकेतिक लिपीत. ही लिपी 1958 साली लेस्ली लिंडर या अभ्यासकाने उलगडली. तेव्हा कोठे त्या दैनंदिनीत काय आहे ते जगास कळले. वर्गात मान डोलावून ‘हो’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात काय चालले असेल, याचा हा एक दाखला आहे.

याच 1883 साली कॅल्डेकॉट यांचे एक नवे पुस्तक निघाले. मागणी घालावयास निघालेल्या बेडकाचे जुने गीत त्यात होते. पॉटरबाईंचे वडील चित्रांचे शौकीन होते. त्यांनी कॅल्डेकॉट यांची मूळ चित्रे विकत घेतली आणि त्यांत या बेडकाच्या पुस्तकाची चित्रेही होती. छापील पुस्तक पाहणे वेगळे आणि चित्रकाराच्या हातची मूळ रेषा घरी जवळून निरखणे वेगळे. ज्या चित्रकाराकडे त्यांनी कधी धडे घेतले नव्हते, त्याची चित्रे अशा रीतीने त्यांच्या घरी गुरू होऊन बसली.

त्यांनी गुरूची नक्कल केली काय? केली. वार्धक्यात लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी स्वतःच कबूल केले आहे की आपण कॅल्डेकॉट यांचे अनुकरण करून पाहिले, पण त्यात फारसे साम्य काही साधले नाही. त्याच पत्रात गुरूविषयीचा त्यांचा आदर मात्र ओसंडून वाहतो. ज्यांची नावे लोक कॅल्डेकॉट यांच्या जोडीने घेतात ते चित्रकार त्यांच्या पंक्तीत बसणारे नाहीत, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

येथेच आपल्या पाठाचे मर्म आहे. नक्कल साधली नाही, म्हणून ही विद्यार्थिनी ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून थांबली असती, तर जगातील मुलांचे केवढे नुकसान झाले असते! ती थांबली नाही; कारण गुरूच्या रेषेपलीकडेही शिकण्यासारखे काही आहे, हे तिला उमगले होते.

४. दोन बेडूक

4 सप्टेंबर 1893 रोजी पॉटरबाईंनी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलास एक सचित्र पत्र लिहिले. त्यात एका खोडकर सशाची गोष्ट होती. दुसऱ्याच दिवशी त्या मुलाच्या धाकट्या भावास त्यांनी आणखी एक पत्र पाठविले. त्यात होता मासे धरावयास निघालेला एक बेडूक. पहिल्या पत्रातून पुढे ‘पीटर रॅबिट’ हे पुस्तक झाले. अनेक प्रकाशकांनी ते परत केल्यावर बाईंनी डिसेंबर 1901 मध्ये स्वखर्चाने त्याच्या 250 प्रती छापविल्या; मग 1902 साली फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन संस्थेने ते रंगीत चित्रांसह काढले. बेडकाच्या पत्रातून 1906 साली ‘जेरेमी फिशर’ हे पुस्तक झाले.

आता दोन्ही बेडूक शेजारी शेजारी ठेवून पाहू.

कॅल्डेकॉट यांचा बेडूक हा आईचे न ऐकता मागणी घालावयास निघालेला ऐटबाज तरुण आहे. अंगात कोट आहे, जवळ नाटकगृहास शोभेल अशी टोपी आहे. तो चालतो, लवून नमस्कार करतो, मैफलीत बसतो. रेषा चपळ आहे. मागे देखावा थोडा. गीताच्या अखेरीस एक बदक त्यास गिळून टाकते.

पॉटरबाईंचा बेडूक प्रौढ गृहस्थ आहे. कमळाच्या पानाची होडी करून, काठीने ती ढकलीत, अंगात पावसाळी कोट घालून तो तळ्यात मासे धरावयास बसतो. दुपारच्या फराळास त्याने फुलपाखरू घातलेला पाव आणला आहे. पाण्यातील किडा त्याच्या पायाचे बोट चिमटीत धरतो. शेवटी एक मोठा मासा त्यास गिळतो. परंतु त्या कोटाची चव इतकी वाईट लागते की मासा त्यास लगेच थुंकून टाकतो, आणि बेडूकराव फाटक्या कोटानिशी घरी येतात. येथील रेषा शांत आहे. जलरंगांत तळ्याचे पाणी, लव्हाळे, पानांवरील ओल सारे काही बारकाईने आले आहे. छपाईची रीतही बदलली होती. कॅल्डेकॉट यांची चित्रे लाकडी ठशांवर कोरून छापली जात. पॉटरबाईंची जलरंगचित्रे छायाचित्रणाच्या साहाय्याने तीन रंगांच्या ठशांनी छापली गेली, त्यामुळे रंगांच्या नाजूक छटा कागदावर उतरू शकल्या.

वरवर पाहता दोन्ही चित्रांत काहीच सारखे नाही. पण थोडे थांबून पाहिले तर तीन गोष्टी गुरूकडून शिष्येकडे आलेल्या दिसतात.

पहिली गोष्ट ही की, कपडे घातले तरी प्राणी प्राणीच राहिला पाहिजे. कोटाच्या आत माणसाचे शरीर आणि वर बेडकाचे डोके, असला मुखवट्याचा प्रकार दोघांच्याही चित्रांत नाही. जेरेमी फिशर पाय दुमडून बसतो तो बेडकाच्याच पायांनी.

दुसरी गोष्ट ही की, चित्राने शब्दांच्या पुढे जावे. जेरेमीच्या गोष्टीतील मजकूर शांत, सभ्य स्वरात चालतो. पण पानाच्या होडीवर बसलेल्या त्या बेडकाच्या खालून मासा वर येतो आहे, हे चित्र वाचकास आधी दाखविते. बेडकास ठाऊक नाही आणि वाचणाऱ्या मुलास ठाऊक आहे. मूल श्वास रोखते ते त्यामुळे.

तिसरी गोष्ट म्हणजे मुलास फसवावयाचे नाही. कॅल्डेकॉट यांचा बेडूक गिळला जातो. पॉटरबाईंचा वाचतो, पण संकट खरे असते आणि पाणी थंड असते. बेडूक इतरांना खातो व इतर बेडकास खातात, ही सृष्टीची रीत दोघांनीही लपविली नाही.

एवढे घेऊन शिष्या आपल्या वाटेने गेली. गुरूने माणसांचा बाजार पाहिला होता. शिष्येने तळे पाहिले होते. गुरूच्या चित्रात धावपळ आहे. शिष्येच्या चित्रात स्तब्धता आहे. एकलव्याची कथा आपण वर्गात सांगतो. द्रोणाचार्यांची मातीची मूर्ती त्याने पुढे ठेवली हे आपण आवर्जून सांगतो. पण बाण त्यास स्वतःच मारावे लागले, मूर्तीने एकही मारला नाही, हे सांगावयाचे कधी कधी राहून जाते.

५. आणखी एक शिष्य

हा केवळ एका विद्यार्थिनीचा योगायोग नव्हे, हे दाखविण्यासाठी दुसरे एक उदाहरण थोडक्यात पाहू. अमेरिकेतील मॉरिस सेन्डॅक (1928 ते 2012) हे तरुणपणी न्यूयॉर्कमधील एका खेळण्यांच्या दुकानात नोकरी करीत. तेथील पुस्तकांच्या विभागात त्यांनी जुने चित्रकार अभ्यासिले. त्यांत कॅल्डेकॉट होते. 1963 साली त्यांनी रागावून उपाशी झोपावयास पाठविलेल्या एका मुलाचे चित्रपुस्तक केले. मुलाचा राग जसजसा वाढतो तसतसे चित्र पानावर वाढत जाते. मुलगा राक्षसांच्या राज्यात पोहोचून नाचू लागतो तेव्हा शब्द नाहीसे होतात व सारी पाने चित्रेच व्यापतात. अगदी शेवटच्या पानावर मात्र चित्र नाही, फक्त शब्द आहेत. या पुस्तकास 1964 चे कॅल्डेकॉट पदक मिळाले, आणि ते स्वीकारताना केलेल्या भाषणात सेन्डॅक यांनी कॅल्डेकॉट यांच्या चित्रांतील गती व ताल यांचे ऋण मानले.

सेन्डॅक यांची दाट, छायांनी भरलेली चित्रे कॅल्डेकॉट यांच्यासारखी दिसत नाहीत. पॉटरबाईंसारखीही दिसत नाहीत. एकाच गुरूचे दोन शिष्य, आणि दोघांचे चेहरे निराळे! तरीही दोघेही सच्छिष्य. गुरूचा हात त्यांनी उचलला नाही. गुरूने स्वतःस जे प्रश्न विचारले, ते त्यांनी उचलले.

६. वर्गातील उपयोग

हे सारे नामवंत चित्रकारांविषयी झाले. आपल्या चौथीच्या वर्गाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. चौथीच्या कोणत्याही मुलास ‘तुला हवे ते चित्र काढ’ असे सांगून पाहावे. कोकणातील मूल असो, मराठवाड्यातील असो की विदर्भातील, पुष्कळांच्या वहीत एकच देखावा अवतरतो : दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, तिच्यापासून वळत येणारी नदी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. ज्याच्या गावात डोंगर नाही, नदी नाही, तेही मूल हेच काढते. त्याने हे कोठेही पाहिलेले नाही. पुढच्या मुलाच्या वहीत पाहिले आहे. ही रेषेची नक्कल झाली. तिच्यात पाहणे नाही.

यावर उपाय म्हणून पुढील पाच पायऱ्या योजाव्यात. यास रंगपेटी लागत नाही. फळा, खडू, पाटी व पाठ्यपुस्तक पुरे.

पहिली पायरी : एकाच चित्रापुढे थांबावे. पाठ्यपुस्तकातील एखादे चांगले चित्र निवडून सर्वांनी ते पाच मिनिटे न बोलता पाहावे. मग पुस्तक मिटून ‘काय काय पाहिले?’ असे विचारावे. पुन्हा उघडून काय सुटले ते पाहावे.

दुसरी पायरी : चित्रकाराने काय वगळले ते शोधावे. झाडाची सारी पाने काढली आहेत काय? नसतील तर झाड आंब्याचे की कडुनिंबाचे हे आपण कशावरून ओळखले? एकेक भाग हाताने झाकून, कोणता भाग झाकला असता ओळख बुजते, हे मुलांनी स्वतः ठरवावे.

तिसरी पायरी : गोष्ट व चित्र यांतील अंतर पाहावे. चिमणी-कावळ्याची गोष्ट प्रत्येक मुलास पाठ असते. कावळा दार उघडावयास सांगतो तेव्हा चिमणी आत काय करीत आहे, हे गोष्ट सांगते; पण बाहेर पावसात तो कावळा कसा उभा आहे, पंख कसे चिकटले आहेत, चोच कोणीकडे आहे, हे ती सांगत नाही. जे गोष्टीत नाही तेच काढावयास सांगावे.

चौथी पायरी : पुस्तक मिटून खऱ्या वस्तूकडे जावे. खेड्यातील शाळेस हा लाभ शहरातील शाळेपेक्षा अधिक आहे. बसलेला बैल उठतो तेव्हा आधी पुढचे पाय सरळ करतो की मागचे? मुलांनी उत्तर तोंडाने देऊ नये, गोठ्यात जाऊन पाहावे. तो आधी मागचा भाग उचलतो, पुढचे गुडघे तोवर जमिनीवरच टेकलेले असतात. घोडा याच्या उलट करतो. हे ज्याने पाहिले त्याचा बैल चार रेषांतही उठू लागेल.

पाचवी पायरी : न पाहता काढावे. मूळ चित्र समोर नको, बैलही समोर नको. जे पाहिले ते आठवून काढावे. येथे मुलाची स्वतःची रेषा प्रथम प्रकट होते. ती वाकडी असेल, असू द्यावी.

तपासणीच्या वेळी शिक्षकांनी दोन पथ्ये पाळावीत. एक, ‘जुळते की नाही’ हा निकष सोडून ‘काय पाहिले आहे’ हा निकष धरावा. ज्याच्या चित्रात स्वतः पाहिलेली एक तरी गोष्ट असेल त्यास ती दाखवून शाबासकी द्यावी. दुसरे, मुलाच्या चित्रावर आपली रेषा ओढून ते ‘सुधारू’ नये. सुधारणा दाखवावयाची तर शेजारी फळ्यावर दाखवावी. मुलाच्या कागदावर शिक्षकाचा हात पडला की ते चित्र त्याचे राहत नाही, आणि हे त्यास तत्काळ कळते.

नक्कल अजिबात बंद करावी असा याचा अर्थ नव्हे. ज्यास आवड आहे त्याने आवडत्या चित्रकाराचे चित्र अवश्य उतरवून पाहावे. हात कसा वळला असेल हे त्यातून कळते. मात्र नक्कल ही चौथ्या पायरीकडे नेणारी वाट असावी. तेथेच मुक्काम होऊ नये.

कॅल्डेकॉट व पॉटरबाई या दोघांचीही चित्रपुस्तके आता आपल्या देशात हक्कमुक्त झाली आहेत व आंतरजालावर विनामूल्य पाहावयास मिळतात. ज्या शाळेत संगणक किंवा पडद्याची सोय आहे तेथे ती मुलांस अवश्य दाखवावीत. भाषा इंग्रजी असली तरी अडचण येत नाही. शब्दांवाचून बोलणारी पाने त्यांत पुष्कळ आहेत.

७. स्वाध्याय

पुढील मासिक बैठकीस येण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने हे करून पाहावे :

(१) आपल्या शाळेच्या आवारात नित्य दिसणारा एक प्राणी तीन दिवस रोज दहा मिनिटे पाहावा आणि चौथ्या दिवशी न पाहता, अधिकात अधिक दहा रेषांत, फळ्यावर काढावा.

(२) पाठ्यपुस्तकातील एक गोष्ट निवडून, तिच्या शब्दांत नसलेले पण तिच्यात घडलेच पाहिजे असे एक चित्र कल्पावे व मुलांकडून काढवून घ्यावे.

(३) वर्गातील ज्या मुलाने ‘मला चित्र येत नाही’ असे म्हटले असेल, त्याचे या पाच पायऱ्यांनंतरचे एक चित्र बैठकीस आणावे. चांगल्या हाताच्या मुलांची चित्रे आणू नयेत. या मुलाने काय पाहिले, याचीच चर्चा बैठकीत व्हावी.